हार्डवेअर सिंथचा आवाज लॅपटॉपवर आणताना नेमकं काय निसटतं?

खर्ज

मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. ऐंशीच्या दशकाच्या धाटणीची काही गाणी बसवतोय, त्यासाठी जुन्या सिंथेसाइझरचे (सिंथ) तीन आवाज हवेत: मिनीमूगचा बेस, जुनो-१०६ चा पसरट पॅड (मागे लांबवर धरलेले सूर) आणि डीएक्स-७ चा इलेक्ट्रिक पियानो. मूळ यंत्रं मिळवणं आणि ती चालू ठेवणं दोन्ही आवाक्याबाहेरचं. त्यामुळे लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता लॅपटॉपला सुरांचे आकडे पाठवणारा) एवढ्यावरच भागवायचं आहे.

डीएक्स-७ डेक्स्ड या प्लगइनमध्ये (लॅपटॉपवर चालणाऱ्या सिंथमध्ये) पहिल्या झटक्यात मिळाला. डोळे मिटून ऐकलं तर मला तरी फरक कळत नाही. पॅड बरा आहे, पण निर्जीव. बेस मात्र फारच सभ्य वाजतोय. खऱ्या मिनीमूगच्या फोटोत जो नॉब जिथे दिसतो, बरोबर तिथे प्लगइनमधला नॉब ठेवला. तरी जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो जसा अंगावर येतो तसा येत नाही. इक्यू आणि कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा) लावून नुसता मोठा होतो, भारदस्त होत नाही.

एकाच लॅपटॉपवर एक आवाज हुबेहूब आणि दुसरा पाऊणच, असं का? प्लगइन बदलू की वापरायची पद्धत बदलू? 'ॲनालॉगची ऊब' वाचून झाली आहे, त्यापलीकडचं काही असेल तर सांगा.

तांब्याची तार

ऊब नको म्हणालात तर उत्तर तिथेच संपलं. :)

मिनीमूगमधून वीज वाहते, लॅपटॉपमधून आकडे. ज्याने खऱ्या यंत्राचा कटऑफ (फिल्टर कुठून वरचे सूर कापतो ते ठरवणारा नॉब) एकदा हाताने फिरवलाय तो पुन्हा माऊसला हात लावत नाही. बाकी चालू द्या.

शून्यविलंब

तारसाहेब, आकड्यांचंच म्हणाल तर डीएक्स-७ मधूनही आकडेच वाहतात. खर्ज यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

डीएक्स-७ हा १९८३ सालचा, पूर्णपणे डिजिटल. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डला शोधून काढलेलं एफएम तंत्र यामाहाने परवाना घेऊन त्यात बसवलं. सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग), ते एकमेकांना जोडायचे ३२ अल्गोरिदम, आणि बाकी प्रत्येक पॅच (साठवलेला आवाज) म्हणजे आकड्यांची यादी. ३२ पॅचची अख्खी बँक ४१०४ बाइटच्या सिसेक्स (यंत्राच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये मावते. तीच फाइल डेक्स्डला दिली की तेच आकडे जवळपास त्याच सूत्रांमध्ये जातात. वेगळं काही निघायला फारशी जागाच नाही. उरतो तो शेवटचा टप्पा. मूळ यंत्राचा डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) १२ बिटांचा, त्यामुळे विरत जाणाऱ्या सुराच्या शेपटीत थोडी खरखर असायची. ती हवी असेल तर डेक्स्डमध्ये 'मार्क वन' इंजिन निवडा.

मिनीमूगचं तसं नाही. तिथे नॉबच्या जागा म्हणजे पॅच नव्हे. त्या पॅनेलवर न लिहिलेलं बरंच काही आवाज घडवतं.

आधी मिक्सर बघा. तीन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे भाग) मिक्सरमधून फिल्टरमध्ये (वरचे सूर कापणाऱ्या भागात) जातात. तिन्हींचे व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर गेले की सिग्नल फिल्टरला पेलत नाही आणि तो आतल्या आत चेपला जाऊ लागतो. तुम्हाला जो भारदस्तपणा हवाय त्यातला मोठा वाटा या चेपण्याचा आहे. काही प्लगइनमध्ये हे होतं, पण त्याची पातळी वेगळ्या जागी सुरू होते, म्हणून फोटोतले नॉब उपयोगाचे नाहीत. शिवाय बरेच वादक हेडफोनच्या आउटपुटमधून वायर काढून ती परत एक्स्टर्नल इनपुटमध्ये खुपसायचे आणि तो व्हॉल्यूम थोडा उघडायचे. आवाज फुगतो, मग गुरगुरू लागतो. स्टेज किंवा स्टुडिओच्या फोटोत मागची वायर दिसत नाही! तुमच्या प्लगइनमध्ये 'फीडबॅक' किंवा 'ड्राइव्ह' नावाचा नॉब असेल तर तो याचसाठी आहे.

दुसरं म्हणजे फिल्टर. मिनीमूगच्या लॅडर (शिडीसारख्या रचनेच्या) फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफपाशीच्या सुरांना उठाव) वाढवला की खालचे सूर पातळ होतात, हा त्याचा स्वभाव. काही प्लगइन 'सुधारणा' म्हणून ही घट भरून काढतात. मग बेस कागदावर जास्त भरतो, पण रेझोनन्स आणि खालचे सूर यांची ती ओढाताण जाते. असा पर्याय असेल तर बंद करून बघा.

आणि वाजवणं. याकडे कुणीच बघत नाही. मिनीमूग एका वेळी एकच सूर काढतो आणि दोन पट्ट्या दाबल्या तर खालच्या सुराला मान देतो. बहुतेक प्लगइन जसेच्या तसे उघडले की शेवटच्या दाबलेल्या सुराला मान देतात. शिवाय पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर मिनीमूगचा एन्व्हलप (सुराचा चढउतार ठरवणारा भाग) नव्याने सुरू होत नाही. त्यामुळे तुटक वाजवलेले सूर ठोसा मारतात आणि जोडून वाजवलेले नुसते सरकतात. बेसची चाल याच फरकावर उभी असते. सेटिंगमध्ये 'लो नोट' आणि 'सिंगल ट्रिगर' शोधा.

उगाच एक

वाचनखूण साठवली. यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण तावातावाने लिहिलेलं वाचायला मजा येते.

अर्धमात्रा

शून्यविलंब यांच्याशी सहमत. एक भर: मिनीमूगला व्हेलॉसिटी नव्हती. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज तोच. जुनो-१०६ च्या कीबोर्डलाही नव्हती. आपले मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक सुरासोबत व्हेलॉसिटी पाठवतात आणि प्लगइनचे तयार प्रीसेट बहुधा ती व्हॉल्यूमला किंवा फिल्टरला जोडून ठेवतात. म्हणून बेस लाजत लाजत वाजतो. ती जोडणी काढून टाका, प्रत्येक सूर सारख्याच ताकदीने येईल.

डीएक्स-७ चं नेमकं उलट. तिथे व्हेलॉसिटी हाच आवाजाचा प्राण. पण पहिल्या डीएक्स-७ चा स्वतःचा कीबोर्ड १२७ पर्यंत (व्हेलॉसिटीचा सर्वात वरचा आकडा) पोचतच नाही, त्याच्या बराच आधी थांबतो. त्या काळचे पॅच त्या मर्यादेत कान लावून केलेले. नव्या कीबोर्डवरून १२७ ने ठोकलं की पियानो ठणठणतो. कीबोर्डचा कर्व्ह थोडा मऊ करा, किंवा डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हेलॉसिटी शंभराच्या आसपास अडवा.

पॅडबद्दल निवांत लिहिते, जुनो माझा आवडता विषय आहे.

खर्ज

वा! इतकं सविस्तर उत्तर अपेक्षित नव्हतं.

लो नोट आणि सिंगल ट्रिगर सापडलं, व्हेलॉसिटी काढली. खरं सांगायचं तर टोन अजून तोच आहे, पण बेसची लाइन एकदम 'ती' वाटायला लागली. खालची पट्टी धरून ठेवून वरची टॅप करायची जी जुनी क्लृप्ती आहे, ती आतापर्यंत जमतच नव्हती. आता उलट करायची, वरची धरून खालची मारायची, हे कळलं. फीडबॅकचा नॉब थोडा उघडलाय. जास्त उघडला की चिखल होतो.

ड्रमरने न सांगता विचारलं, 'आज काय बदललंस?'

तांब्याची तार

शून्यविलंब यांनी हेडफोनच्या वायरीचा उल्लेख केला म्हणून मलाही लिहावंसं वाटलं. मी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे ही यंत्रं उघडी बघायची सवय आहे.

'हुबेहूब' म्हणता, पण कशाशी? एकाच मॉडेलचे दोन मिनीमूग शेजारी ठेवा, सारखे वाजणार नाहीत. १९७० ते १९८१ या काळात ते बनत होते आणि मध्ये ऑसिलेटरचा बोर्डच बदलला. सुरुवातीचे बोर्ड तापमानाने जास्त सरकायचे, नंतरचे बरेच स्थिर. प्रॉफेट-५ या सिंथचं तर विचारूच नका. पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिप, तिसरीत कर्टिस कंपनीच्या. नाव एक, आतलं यंत्र दुसरं. जुनो-१०६ मध्ये प्रत्येक आवाजाचा (एका वेळी एक सूर वाजवणाऱ्या सर्किटचा) फिल्टर आणि ॲम्प्लिफायर ज्या ८००१७ए या मॉड्यूलमध्ये असतो, त्यावरचं काळं लेपण वर्षांनुवर्षांनी वीज गळू देतं. मग एखादा आवाज चरचरतो, एखादा अर्धवट उघडाच राहतो. माझ्याकडे येणारी यंत्रं 'व्हिंटेज कॅरेक्टर' घेऊन येतात आणि कपॅसिटर बदलून, ट्रिमर जुळवून दिलं की मालक म्हणतो, 'आवाज बदलला हो!' अहो, तो कारखान्यातून निघाला तेव्हा असाच वाजत होता.

तर प्लगइनवाले कॉपी करतात ती कुठल्या तरी एका यंत्राची, ते यंत्र ज्या दिवशी ज्या अवस्थेत होतं त्या अवस्थेतली.

शून्यविलंब

तारसाहेब, हे तुम्ही माझ्या बाजूने बोललात की विरुद्ध, कळलं नाही. :)

पण मुद्दा महत्त्वाचा आहे. लोक 'ॲनालॉग' म्हणून पिचला हळू हलणारा एलएफओ (झुलवणारी लहर) जोडतात आणि ड्रिफ्ट (सुराचं आपोआप सरकणं) झालं म्हणतात. बहुस्वरी यंत्रांत खरा फरक दुसराच असतो. प्रॉफेट-५ चे पाच आवाज म्हणजे पाच स्वतंत्र सर्किट. एकाचा कटऑफ किंचित वर, एकाचा अटॅक (सुराची सुरुवात) किंचित आळशी, एकाची पल्स (चौकोनी लहर) थोडी अरुंद. हे फरक क्षणाक्षणाला बदलत नाहीत, स्थिर असतात. तुम्ही तोच कॉर्ड पुन्हा वाजवला की सूर वेगळ्या सर्किटला वाटले जातात आणि कॉर्डचा पोत बदलतो. कान हेच पकडतो.

यू-ही कंपनीच्या दिवा या प्लगइनमध्ये 'ट्रिमर्स' नावाचं पान आहे, तिथे प्रत्येक आवाजाचा फरक वेगळा देता येतो. ओबी-एक्सडी हे प्लगइन मोफत आहे आणि त्यातही आवाजागणिक फरक आणि पॅनिंग ठेवता येतं. गंमत म्हणजे २०२० साली प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती आली, त्या खऱ्याखुऱ्या ॲनालॉग यंत्रावर कंपनीने 'व्हिंटेज' नावाचा नॉब दिलाय. फिरवाल तसे आवाज एकमेकांपासून फटकून वागायला लागतात. म्हणजे हार्डवेअरलाही आता जुनं व्हायला नॉब लागतो.

नवशिकी

नमस्कार, मी नवी आहे. प्लगइनच्या जाहिरातीत 'एलियासिंग नाही', 'झीरो डिले फीडबॅक', 'ओव्हरसॅम्पलिंग' असे शब्द असतात. ते खर्ज यांच्या बेसला लागू होतात का? की नुसतं विकायचं बोलणं?

शून्यविलंब

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर 'काही अंशी' असं आहे.

४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे लहरीची मोजमापं) काम करताना संगणकाला २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही दाखवताच येत नाही. सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरीत मात्र हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) संपतच नाहीत. ३००० हर्ट्झचा सूर घ्या. आठवा हार्मोनिक २४,००० ला हवा. तो मावत नाही, म्हणून परत फिरून २०,१०० वर येऊन बसतो. नववा १७,१०० वर, दहावा १४,१०० वर. असं खाली खाली येत चौदावा २१०० वर आणि पंधरावा ९०० वर. हे दोन मूळ सुराच्याही खाली आहेत आणि त्याच्यापेक्षा साधारण २३ डेसिबलनेच कमी. म्हणजे स्पष्ट ऐकू येणारे बेसूर, हेच एलियासिंग. सूर वर सरकवला की यातले बहुतेक पाहुणे उलट्या दिशेने खाली धावतात, तो किरकिराट एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही.

पण बेसच्या ५५ हर्ट्झच्या सुराचा हिशेब करा. मर्यादा ओलांडणारा पहिला हार्मोनिक ४०१ वा, आणि तो मुळापेक्षा ५२ डेसिबल खाली. वर लो-पास फिल्टर अर्धा बंद. ऐकू काय येणार? ऑसिलेटरचं एलियासिंग हे बेस सभ्य वाटण्याचं कारण नाही. लीड वाजवताना, वरच्या सप्तकात, जोरदार पिच मॉड्युलेशन असताना ते त्रास देतं. शिवाय ऑसिलेटरपुरता हा प्रश्न बहुतेक चांगल्या प्लगइननी कधीच सोडवलाय.

फिल्टरचं मात्र वेगळं. लॅडर फिल्टरमध्ये शेवटचा सिग्नल परत सुरुवातीला येतो, त्याच क्षणी. संगणक एक सॅम्पल काढून झाल्यावरच पुढचं काढतो, म्हणून साध्या पद्धतीत ही परतफेड एका सॅम्पलने उशिरा पोचते. कटऑफ वर असताना तेवढ्या उशिराने रेझोनन्सचा सूर आणि जोर दोन्ही बिघडतात. स्टिल्सन आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये मूग फिल्टरच्या डिजिटल रूपाचं विश्लेषण मांडलं, २००४ मध्ये हुओव्हिलाइनेन यांनी त्यात ट्रान्झिस्टरचं चेपणं टप्प्याटप्प्याला घातलं. झीरो डिले पद्धतीत ते परतीचं समीकरण प्रत्येक सॅम्पलला सोडवूनच पुढे जातात. २०११ च्या अखेरीस आलेला दिवा या बाबतीत प्रसिद्ध झाला, आणि प्रोसेसरला घाम फोडण्यासाठीही. त्याच्या दर्जाच्या चार पायऱ्यांपैकी सगळ्यात वरचीचं नावच 'डिव्हाइन' आहे.

आणि सिग्नल चेपला की नवे हार्मोनिक तयार होतात, ते पुन्हा मर्यादेपलीकडे जाऊन परत फिरतात. म्हणून ड्राइव्ह भरपूर असेल तर ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त सॅम्पल घेऊन करणं) खरंच उपयोगी. स्टेजवर कमी ठेवा, रेकॉर्डिंग काढताना पूर्ण.

उगाच एक

इतकी समीकरणं सोडवण्यापेक्षा खऱ्या यंत्राचा एकेक सूर रेकॉर्ड करून वाजवला तर? सॅम्पल. विषय संपला.

पाचवी काळी

संपत नाही. सुरू होतो.

कोर्ग एम-१ (१९८८) साठी तुमचं बरोबर आहे, कारण ते यंत्र स्वतःच रॉममधली (यंत्रातल्या कायमच्या स्मृतीतली) सॅम्पल वाजवतं. रोलँड डी-५० (१९८७) अर्धवट. तिथे सुराची सुरुवात म्हणजे सॅम्पलचा छोटा तुकडा आणि मागचा लांब भाग सिंथेसाइझ केलेला. ॲनालॉगचं सॅम्पल घेतलं की फिल्टर, एलएफओ, एन्व्हलप सगळं त्यात भाजलं जातं. दोन पट्ट्या वर वाजवलं की एलएफओचा वेगही बदलतो. आणि कटऑफ फिरवता येत नाही. बेसचा एकच ठोसा गाणंभर लागणार असेल तर सॅम्पल उत्तम, प्रत्येक सुराची चारपाच रूपं घेऊन आळीपाळीने वाजवा. जिथे हात नॉबवर जातो तिथे नको.

अर्धमात्रा

आले जुनोकडे.

खर्ज, तुमचा पॅड निर्जीव का वाटतो ते सांगते. जुनो-१०६ (१९८४) मध्ये प्रत्येक आवाजाला ऑसिलेटर एकच, सोबत सब-ऑसिलेटर. तोही डीसीओ, म्हणजे डिजिटल घड्याळाने बांधलेला, जागचा न हलणारा. कोरडा जुनो ऐकलात तर म्हणाल, यासाठी एवढा जीव टाकतात? सगळी जादू शेवटच्या कोरसची. तो बीबीडी चिपवर चालतो: सिग्नल कपॅसिटरच्या रांगेतून हातोहात पुढे सरकत काही मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो आणि तो उशीर एलएफओने कमीजास्त होतो. डावीकडचा उशीर वाढत असताना उजवीकडचा घटतो. म्हणून तो कानांभोवती फिरतो, पण मोनोमध्ये ऐकाल तर बराचसा चपटा पडतो. तुमची स्टेजवरची व्यवस्था मोनो असेल तर अर्धा प्रश्न तिथेच आहे, प्लगइनला बोल लावू नका.

आणि तो कोरस सुसतो. सॉफ्टवेअरवाले तो 'हिस' बंद करायची सोय देतात, पण थोडा ठेवा. हळू पॅडमध्ये तो सुरांच्या मधल्या फटी भरतो. टॅल कंपनीचं यू-नो-एलएक्स याच कुळातलं आहे आणि कोरसबाबत मला ते फार आवडतं. दुसरा कुठलाही साधा सिंथ घेऊन त्यामागे चांगला जुनो-धर्तीचा कोरस लावलात तरी बरंच जमतं. उलट उत्तम जुनो प्लगइनवर भलताच कोरस लावून नाही जमत.

बारीकसारीक: आवाज सहाच ठेवा. सोळा ठेवले की लांब रिलीजचे (पट्टी सोडल्यावरही विरत राहणारे) सूर एकमेकांवर साचतात. सहा असले की नव्या कॉर्डला जुन्यातले सूर गिळावे लागतात आणि पॅड आपोआप मोकळा राहतो. पल्स विड्थ एलएफओने हळू हलवा. आणि हायपास (खालचे सूर कापणारा) स्लायडर बघा. १०६ वर त्याच्या चार जागा आहेत, सगळ्यात खालच्या जागेवर तो खालचे सूर कापत नाही, उलट वाढवतो. बेस गिटार किंवा मूग खाली असताना पॅडसाठी ती जागा नको, वरची एखादी घ्या.

तांब्याची तार

सुसतो! बरोबर शब्द. पण काही लोक दुरुस्तीला देताना सांगतात, 'तेवढा तो आवाज घालवा.' आणि मग घरी नेऊन म्हणतात, जिवंत वाटत नाही. :)

पाचवी काळी

डिजिटल यंत्रांचा विषय निघालाच आहे तर एक वेगळा रस्ता सांगतो, कारण तो खरोखर वेगळा आहे. नव्वदच्या दशकातले ॲक्सेस व्हायरससारखे 'व्हर्च्युअल ॲनालॉग' सिंथ म्हणजे मोटोरोलाच्या ५६३०० मालिकेतल्या डीएसपी (आवाजाचा हिशेब करणाऱ्या) चिपवर चालणारा प्रोग्राम. काही मंडळींनी ती चिपच संगणकात उभी केली आहे. तिच्यावर मूळ यंत्राचा रॉम चढवला की मूळ प्रोग्रामच चालतो. ही नक्कल कानाने जुळवलेली नाही, तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या घरात राहायला आलेलं आहे. ऑसिरस हे त्यातलं व्हायरसचं रूप.

रोलँडच्या जेपी-८००० या डिजिटल सिंथचा सुपरसॉ हा आवाजही बघण्यासारखा. सात सॉटूथ एकत्र, एवढं सगळ्यांना माहीत असतं. म्हणून लोक कुठल्याही सिंथमध्ये सात सॉ लावतात आणि तो आवाज येत नाही. २०१० साली स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या एका प्रबंधात मोजून दाखवलंय की डिट्यूनचा (लहरी एकमेकींपासून सरकवणारा) नॉब सरळ रेषेत चालत नाही, बराच वेळ अगदी कमी फरक करून शेवटच्या टप्प्यात एकदम उधळतो. सातही लहरी समान अंतरावर नाहीत. प्रत्येक सुराला त्या वेगवेगळ्या फेजमधून (लहरीच्या वेगवेगळ्या जागेपासून) सुरू होतात. आणि त्या लहरी एलियासिंग करतात! वर शून्यविलंब यांनी ज्याला बेसूर म्हटलं ते तिथे हवंच आहे. सुराच्या खाली पडणारा भाग हायपास फिल्टरने कापलाय आणि वरचा भाग चमक म्हणून सोडलाय. 'शुद्ध' ऑसिलेटरने तो आवाज काढाल तर जास्त चांगला येईल, पण तो सुपरसॉ नसेल.

उगाच एक

रॉम कुठे मिळेल? मित्रासाठी विचारतोय.

संपादक

रॉम मागू नये, देऊ नये, दुवे टाकू नयेत. त्याचे हक्क निर्मात्या कंपन्यांकडे आहेत आणि प्रकल्पवालेही तो सोबत देत नाहीत. तसे प्रतिसाद उडवले जातील.

उगाच एक

मित्राला कळवतो.

बरं, रोलँडच्या टीबी-३०३ या बेसच्या यंत्राचं काय? तो तर साधा आहे म्हणतात. एक ऑसिलेटर, सहा नॉब.

शून्यविलंब

साधा दिसतो म्हणूनच सगळ्यांना फसवतो. टीबी-३०३ चं उत्पादन १९८४ ला थांबलं, त्याची सॉफ्टवेअर नक्कल १९९७ मध्ये रीबर्थमध्ये आली. पहिल्या गाजलेल्या सॉफ्टवेअर नकलांपैकी ती एक. तरी अजून लोक नवी ३०३ लिहितच आहेत. फिल्टर डायोड लॅडर, तो एक भाग. खरी मेख ॲक्सेंटमध्ये (ठासून वाजवायच्या सुरात). ॲक्सेंटचा सूर नुसता मोठा होत नाही. त्याचा डिके (विरण्याचा वेळ) आखडतो आणि फिल्टरचा झटका रेझोनन्सच्या नॉबवरही अवलंबून असतो. ॲक्सेंट लागोपाठ आले तर मधला कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, म्हणून प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा वर चढतो. स्लाइडलाही (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायला), अंतर एका सुराचं असो की सप्तकाचं, वेळ सारखाच. कीबोर्डवर बसून ३०३ वाजवायचा प्रयत्न करू नका. १६ घरांचा सिक्वेन्सर (आधी भरलेले सूर ओळीने वाजवणारा) घ्या आणि ॲक्सेंट, स्लाइड घराघरात भरा. ते यंत्र असंच वाजवलं जायचं.

नवशिकी

सगळं वाचतेय, धन्यवाद. मोफतमध्ये सुरुवात कशाने करू?

अर्धमात्रा

डेक्स्ड आणि ओबी-एक्सडी वर आलेच. सर्ज एक्सटी घ्या, त्याचा सोर्स कोड २०१८ पासून खुला आहे आणि फिल्टरचे प्रकार भरपूर. पण एकाच वेळी सगळे उतरवू नका. एक निवडा, इनिशियल (कोऱ्या) पॅचपासून सुरू करा, प्रीसेट नाही. कानाला एन्व्हलप ओळखता येईपर्यंत दुसऱ्या प्लगइनकडे बघू नका.

पाचवी काळी

आणि तुलना करताना आवाजाची पातळी जुळवा. मोठा वाजणारा नेहमी 'जास्त ॲनालॉग' वाटतो. अर्धा-एक डेसिबलचा फरकही कानाला फितवतो. मीटर बघून जुळवा, नावं झाका, मग ऐका. निम्मे वाद तिथेच मिटतात.

तांब्याची तार

मिटू नयेत अशी इच्छा आहे, दुसरा विरंगुळा नाही.

पण एक राहिलं. खर्ज ज्या रेकॉर्डिंगशी तुलना करतायत ते नुसतं मिनीमूग नाही. ते कन्सोल, कंप्रेसर, टेप यांतून गेलेलं आहे, बऱ्याचदा ॲम्पला माइक लावून घेतलेलं. खोलीत माझ्या बाकावर कोरडा मिनीमूग वाजतो तो त्या रेकॉर्डिंगसारखा नसतो. बराच उघडा आणि रासवट असतो. आधी ठरवा, यंत्राची नक्कल हवी की रेकॉर्डिंगची.

खर्ज

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. रेकॉर्डिंगचीच हवी आहे.

सध्याची स्थिती: मिक्सरमधले तिन्ही ऑसिलेटर वर, फीडबॅक थोडा, रेझोनन्सची भरपाई बंद, डिके स्विच चालू म्हणजे रिलीज डिकेइतकाच. पुढे टेपचं प्लगइन हलक्या हाताने, मग कंप्रेसर. आधी कंप्रेसर अटॅक खाऊन टाकत होता, त्याचा अटॅक सैल केल्यावर ठोसा परत आला. पॅडचा कोरस स्टेजवर मोनोमध्ये चपटा होतोय हे अर्धमात्रा यांनी सांगितलं तसंच निघालं. साउंडवाल्याला दोन लाइन मागितल्यात, त्याने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कार्यक्रमात कळेल.

एक शंका उरलीये. मूगचा कटऑफ मिडी नॉबने हळू फिरवला की आवाज पायऱ्या चढल्यासारखा ऐकू येतो.

अर्धमात्रा

मिडीचा साधा कंट्रोलर ० ते १२७ एवढेच आकडे पाठवतो, १९८३ पासून. कटऑफची पूर्ण पट्टी १२८ पायऱ्यांत कापली की रेझोनन्स जास्त असताना पायऱ्या ऐकू येणारच. प्लगइनमध्ये किंवा डीएडब्ल्यूमध्ये 'स्मूदिंग' असेल तर वाढवा. नाहीतर नॉबची हद्द आवळा: गाण्यात कटऑफ जेवढा फिरतो तेवढ्याच भागावर पूर्ण नॉब पसरवा. तेवढ्याच १२८ पायऱ्या, पण लहान लहान. हातालाही जास्त ताबा मिळतो.

साउंडवाला नाही म्हणाला तर पॅडच्या कोरसची फक्त एक बाजू घ्या आणि तीच मोनोत पाठवा. दोन्ही बाजू एकत्र मिसळण्यापेक्षा ते बरं वाजतं.

तांब्याची तार

खर्ज, बेसच्या चार ओळी टेप आणि कंप्रेसर न लावता रेकॉर्ड करून टाका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सोबत मिडी फाइल. एक मिनीमूग सध्या ट्यूनिंगसाठी बाकावर उघडा पडलाय, मालकाला विचारून तीच मिडी त्यावर वाजवतो. मिडीचं सीव्हीत (जुन्या सिंथना लागणाऱ्या व्होल्टेजमध्ये) रूपांतर करणारं खोकं जोडावं लागेल. दोन्ही फाइल नाव न लिहिता इथे चढवतो, पातळी पाचवी काळी यांनी जुळवावी. शून्यविलंब यांनी आधी ओळखायचं.

शून्यविलंब

चालेल. पण हेडफोनची वायर मागे लावलीय की नाही ते आधी सांगायचं.

तांब्याची तार

ते नाही सांगणार.